आधी शेगडी, मग सर्टिफिकेट

दहावी-बारावीचा निकाल लागला की महाड-पोलादपूरच्या घरांतून ‘पुढे काय?’ची चर्चा सुरू होते. इंजिनिअरिंग म्हटले तर लोणेऱ्याचे विद्यापीठ शेजारीच आहे. फिटर-वेल्डर म्हटले तर आयटीआय आणि त्यानंतर महाडची एमआयडीसी. पण पोराने ‘मला किचनमध्ये काम करायचंय’ म्हटले, की रस्ता सांगणारे कुणी सापडत नाही. मग मोबाइलवरच्या जाहिराती कामाला लागतात : सात दिवसांत बेकिंग, तीन महिन्यांत प्रोफेशनल शेफ, नोकरीची हमी, जहाजावर संधी. शुल्क काही हजारांपासून काही लाखांपर्यंत काहीही असते. शेतीचा एखादा तुकडा किंवा आईचे दागिने गहाण पडण्याआधी या साऱ्या पर्यायांकडे एकदा नीट पाहून घ्यावे, म्हणून हा आढावा.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. कोर्सनंतर आपण कोणत्या शेगडीसमोर उभे राहणार, हे आधी ठरवावे आणि कोर्स मग निवडावा. हे ठरले की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

शेगड्या कुठे कुठे आहेत?

आपल्या भागात चार ठिकाणे ठळक दिसतात. पहिले म्हणजे महामार्ग. मुंबई-गोवा रस्त्यावर महाड आणि पोलादपूर ही चहा-नाश्त्याची, जेवणाची जुनी ठाणी. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरची वाट फुटते, म्हणून तिथला राबता दुहेरी. पण गिऱ्हाईक रस्त्याबरोबर सरकते. चौपदरीकरण झाले आणि कशेडीचा बोगदा सुरू झाला, तशी घाटाने जाणारी वाहने बोगद्यातून जाऊ लागली. वडापावची गाडी किंवा छोटे हॉटेल टाकणाऱ्याने पाककृतीइतकाच या बदलाचाही विचार करायला हवा.

दुसरे ठिकाण किल्ल्यांच्या पायथ्याचे. रायगडाखालचे पाचाड आणि हिरकणीवाडी, प्रतापगडाची वाट, शिवथरघळ या ठिकाणी पिठले-भाकरी, झुणका, ठेचा, गावठी कोंबडी असे घरगुती जेवण मागणारा पाहुणा येतो. राज्याभिषेक सोहळ्याला रायगडावर आणि २० मार्चला चवदार तळ्यावर गर्दी लोटते, तेव्हा चार माणसांचा स्वयंपाक आणि चार हजारांचा स्वयंपाक यांतला फरक कळतो.

तिसरे ठिकाण एमआयडीसीतली कॅन्टीन. १९४८च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीनची तरतूद केली होती. २०२०च्या नव्या श्रमसंहितेने ही मर्यादा शंभर कामगारांवर आणली. महिन्याला ठरावीक पगार, ठरावीक वेळ आणि रोज तेवढ्याच ताटांचा अंदाज मिळत असल्याने घर न सोडता किचनची नोकरी करायची असेल, तर हे क्षेत्र सर्वांत स्थिर. आश्चर्य म्हणजे कोर्सच्या जाहिरातींत त्याचे नावही नसते.

चौथे ठिकाण बाहेरचे : महाबळेश्वर-पाचगणीची हॉटेले, पुणे-मुंबई, गोवा, आखात आणि क्रूझ जहाजे. इथे पगार आणि बढती असते, आणि इथेच कागदपत्रे लागतात.

कोर्सचे प्रकार

सर्वांत छोटा आणि फुकटचा मार्ग बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचा, म्हणजे आरसेटीचा. या कल्पनेचे मूळ कर्नाटकातल्या उजिरे गावी आहे. १९८२मध्ये धर्मस्थळाच्या वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने दोन बँकांना सोबत घेऊन तिथे पहिली संस्था उभी राहिली आणि पुढे देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत तशा संस्था निघाल्या. रायगडची संस्था बँक ऑफ इंडिया अलिबागला चालवते. पापड-लोणची-मसाले, फास्ट फूड अशी प्रशिक्षणे साधारण दहा दिवसांची असतात. राहणे-जेवण मोफत असते आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा होतो. दहा दिवसांत कुणी आचारी होत नाही, तसा संस्थेचा दावाही नाही. हिशेब, माप, बाजार आणि कर्जाचा अर्ज यांची ओळख होते, आणि ज्याला चुलीपुढे उभे राहायची सवय आधीच आहे त्याला नेमके तेवढेच हवे असते.

दुसरा प्रकार सरकारी कौशल्य योजनांचा. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २००९-१०मध्ये ‘हुनर से रोजगार तक’ योजना सुरू केली. तिच्या मूळ आराखड्यात पाककामासाठी आठ आठवडे आणि वाढपकामासाठी सहा आठवडे धरले होते. शुल्क नाही, उलट हजेरी पुरी भरली तर विद्यावेतन. २०१४मध्ये आलेली दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना ग्रामीण गरीब कुटुंबांतल्या तरुणांसाठी आहे. तिच्यात प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेवर ठरावीक प्रमाणात मुलांना नोकरी लावून देण्याचे बंधन असते. महाराष्ट्रात ती राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत, म्हणजे ‘उमेद’मार्फत चालते. २०१५ची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनाही याच वर्गातली. तिचा एक भाग फारसा कुणाला ठाऊक नसतो. जो आधीपासून काम करतो, त्याच्या हातातले कौशल्य तपासून त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय या योजनेत आहे. वीस वर्षे लग्नाच्या पंगती उठवलेल्या आचाऱ्याला ‘कांदा कसा चिरावा’ हे शिकायला बसायची गरज नाही, त्याने ही वाट धरावी.

तिसरा प्रकार वर्ष-दीड वर्षाचा. आयटीआयमध्ये ‘फूड प्रॉडक्शन’ आणि ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ हे एक वर्षाचे ट्रेड आहेत. सगळ्या आयटीआयमध्ये ते नसतात, म्हणून प्रवेशाच्या वेळी जिल्ह्याची यादी पाहून घ्यावी. दादरच्या इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंटची स्थापना १९५४ची. या क्षेत्रातले देशातले हे सर्वांत जुन्या नावांपैकी एक. अशा शासकीय हॉटेल मॅनेजमेंट संस्थांत तीन-चार वर्षांच्या पदवीखेरीज दहावीनंतरचा पाककाम आणि पॅटिसरीचा क्राफ्ट कोर्स असतो आणि बारावीनंतरची फूड प्रॉडक्शनची किंवा बेकरीची पदविकाही असते. दोन्हींचा काळ प्रत्यक्ष हॉटेलातल्या प्रशिक्षणासह दीड वर्षाच्या आसपास. पदवी झेपत नाही आणि तीन महिने पुरत नाहीत, अशा मुलांसाठी ही मधली पायरी उत्तम असून शुल्क खासगीच्या मानाने कमी असते. जाहिरात मात्र कुणी करत नाही.

चौथा प्रकार खासगी अकादम्यांचा. मुंबई-पुण्यात तीन ते नऊ महिन्यांचे डिप्लोमा, बेकरीचे महिन्याचे वर्ग, शनिवार-रविवारच्या कार्यशाळा असे सगळे मिळते. यांतल्या काही संस्था खरोखर चांगल्या आहेत, उपकरणे अद्ययावत आहेत, शिकवणारे मोठ्या हॉटेलांतून आलेले आहेत. काही ठिकाणी मात्र शिक्षक दाखवतो आणि विद्यार्थी फोटो काढतात. हा फरक माहितीपत्रकात दिसत नाही, तो ओळखायला साधे अंकगणित लागते.

तासांचा हिशेब

समजा, आठ आठवड्यांचा कोर्स आहे. आठवड्याला सहा दिवस, दिवसाला पाच तास. झाले २४० तास. त्यातला एक तृतीयांश वेळ वर्गातल्या शिकवणीत गेला, तर प्रात्यक्षिकाला १६० उरले. तुकडीत तीस मुले आणि शेगड्या सहा, म्हणजे एका शेगडीमागे पाच जण. प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्यक्ष हाताने शिजवायचे ३२ तास आले. हॉटेलच्या नऊ तासांच्या पाळीने मोजले तर हे जेमतेम साडेतीन दिवस होतात! तुकडी पंधराची असती, तर हेच तास दुप्पट झाले असते.

म्हणून चौकशीला गेल्यावर पहिला प्रश्न शुल्काचा नको. तुकडीत किती जण, शेगड्या किती, रोजचा कच्चा माल प्रत्येकाला वेगळा मिळतो की गटाला, हे विचारावे. कोंबडी कापणे, मासा साफ करणे, कणकेचा मोठा गोळा मळणे ही कामे स्वतः करायला मिळतात की नुसती पाहायला? शेवटी बाहेरच्या किचनमध्ये किती आठवडे पाठवतात, आणि त्या ठिकाणांची नावे सांगतात का? चालू तुकडीचा एक तास बसून पाहू द्या म्हणावे. जी संस्था तेवढेही दाखवायला तयार नसेल, तिथे पैसे भरू नयेत.

‘तीन महिन्यांत शेफ’ या दाव्याकडेही याच नजरेने पाहावे. पॅरिसचे ‘ल कॉर्दों ब्ल्यू’ हे जगातले सर्वांत नावाजलेले पाकविद्यालय १८९५मध्ये एका पाकशास्त्राच्या मासिकातून जन्मले. तिथेही पाककलेच्या पदविकेला तीन पायऱ्या चढाव्या लागतात आणि साधारण तीन महिन्यांची पहिली पायरी ‘प्राथमिक’ म्हणूनच ओळखली जाते. पॅरिसमध्ये जी सुरुवात समजतात, ती आपल्याकडे शेवट म्हणून विकली जाते. खऱ्या किचनमध्ये छोट्या कोर्सनंतर पोरगा हेल्पर, ट्रेनी किंवा फार तर खालच्या पायरीचा कॉमी, म्हणजे कनिष्ठ आचारी, म्हणून लागतो. कांदा-लसूण, ग्रेव्हीचा मसाला, स्टाफचे जेवण, रात्री स्टेशन पुसणे, ही त्याची पहिली वर्षे. वरच्या कॉमीची, मग शेफ द पार्टीची पायरी पुढे येते. यात कमीपणा काही नाही, पण हे घरच्यांना आधीच ठाऊक असावे. नाहीतर ‘एवढे पैसे भरून कांदे चिरतोय’ म्हणून महिन्याभरात पोरगा परत येतो.

छोट्या कोर्सने काय शिकवलेच पाहिजे?

चव घरात शिकता येते. नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, सावित्रीच्या काठचे खेकड्याचे कालवण आपल्या आयांपेक्षा चांगले कुठली अकादमी शिकवणार? कोर्सकडून घ्यायच्या गोष्टी तीन : माप, स्वच्छता आणि हिशेब.

मापाचा संस्कार मराठी घरांत नवा नाही. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७०पासून वाटी-चमच्याच्या नेमक्या मापाने कित्येक नवशिक्यांना स्वयंपाकघरात उभे केले. धंद्याच्या किचनला त्याच्याही पुढे जावे लागते. तिथे सगळे ग्रॅममध्ये लिहिलेले असते आणि किती ताटे निघतील हेही आधी ठरलेले असते. आज आचारी रजेवर गेला तरी उद्याच्या आमटीची चव बदलता कामा नये. जो कोर्स वजनकाटा वापरायला लावत नाही, त्याला व्यावसायिक म्हणू नये.

स्वच्छता म्हणजे नुसती टोपी आणि ॲप्रन नव्हे. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवायचा. मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. आपल्या दमट हवेत आणि भातखाऊ मुलखात याचे मोल विशेष. शिजवून तासन्‌तास बाहेर ठेवलेल्या भातात तगून राहणारे जंतू असतात आणि तो पुन्हा गरम केला तरी त्यांचे विष नाहीसे होईलच असे नाही. वडे-भजी तळणाऱ्यांनी तेलाचा नियम जाणून घ्यावा : पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातली ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायला कायद्याने बंदी आहे, आणि हा नियम जुलै २०१८पासून लागू आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे ‘फॉस्टॅक’ प्रशिक्षण काही तासांतच होते. गाडीवाल्यांसाठी त्यात वेगळा वर्ग आहे. गाडी असो वा घरगुती डबे, धंदा म्हणून अन्न विकायचे तर प्राधिकरणाकडे नोंदणी लागतेच. गॅसचेही तसेच. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यात चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट हिशेबाची. समजा, मिसळीची प्लेट ८० रुपयांना विकली आणि तिच्यात २८ रुपयांचा माल गेला. मालाचा खर्च ३५ टक्के झाला. उरलेल्या ५२ रुपयांत गॅस, भाडे, पगार, नासाडी आणि नफा. आता ‘सढळ हाताने’ प्लेटमागे चार रुपयांचे फरसाण-तेल जास्त गेले, तर रोजच्या शंभर प्लेटांवर ४०० आणि महिन्याला १२ हजार रुपये गेले. चांगली चव असूनही बंद पडणाऱ्या हॉटेलांचे कोडे बहुधा इथेच सुटते. महाडमध्ये या हिशेबात पुराचीही ओळ हवी. जुलै २०२१च्या पुराने बाजारपेठेची काय दशा केली, हे आपण पाहिले आहे. ओव्हन, फ्रीज, पिठाची पोती कुठल्या उंचीवर ठेवायची आणि विमा कशाकशाचा उतरवायचा, हा सावित्री-गांधारीच्या काठावरच्या किचनचा अभ्यासक्रमच आहे.

कागदाची किंमत

प्रमाणपत्र निरुपयोगी आहे असे मात्र कुणी समजू नये. हॉटेलात नोकरी मागायला गेलात तर बहुतेक शेफ ‘ट्रायल’ घेतात : एखादा पदार्थ करून दाखव, चाकू कसा धरतोस दाखव. तिथे कागद मागे पडतो. पण शासकीय भरती, मोठ्या कंपन्यांची कॅन्टीन, परदेशी व्हिसा आणि बँकेचे कर्ज या ठिकाणी कागद बघतातच. तो कागद राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात बसणारा आणि राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेचा आहे का, हे पाहून घ्यावे. ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ असे छापले असेल, तर ती कुणाची, हे लेखी मागावे.

जहाजावर जाऊ पाहणाऱ्यांसाठी एक इशारा. नुसत्या पाककोर्सवर क्रूझची नोकरी मिळत नाही. चांगल्या हॉटेलातला अनुभव लागतो, सागरी सुरक्षेचे प्राथमिक कोर्स लागतात. भरती करणाऱ्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, हे तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. आखातासाठीही परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेलाच एजंट. आणि दहावी सोडू नये : दहावी उत्तीर्ण असलेल्याच्या पासपोर्टवर एमिग्रेशन क्लिअरन्सची अट राहत नाही.

कागदाहून मोठी अडचण कधीकधी भांडवलाची असते. आपल्या भागातले किती तरी पुरुष मुंबईच्या गिरण्यांत कामाला होते आणि गिरणगावातल्या खानावळींवर जेवले. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांकडे हात होता, गिऱ्हाईक होते. नव्हता तो बँकेचा दरवाजा. सावकाराच्या व्याजात त्यांची कमाई जात असे. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना संघटित करून बँकेच्या कर्जापर्यंत नेले. आजही धंदा करू पाहणाऱ्याने कोर्स निवडताना तो बँकेपर्यंत नेतो का, हे पाहावे. मुद्रा योजनेतले ‘शिशु’ कर्ज ५० हजारांपर्यंतचे आहे. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ आणि महिलांसह विशेष गटांना ३५ टक्के अनुदान मिळू शकते.

जाणे-येणे, राहणे

शुल्क शून्य असले तरी कोर्स फुकट नसतो. अलिबाग महाडपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. मुंबई त्याहून दूर. मुंबईत तीन महिने राहायचे तर खोली, मेस आणि लोकलचा पास मिळून शुल्काइतकाच खर्च होऊ शकतो. म्हणून निवासी कोर्सला झुकते माप द्यावे, मुलींच्या बाबतीत तर विशेष. हॉटेलात ‘ब्रेक शिफ्ट’ असते : सकाळी काम, दुपारी सुटी, पुन्हा रात्री अकरापर्यंत काम. परत जायला वाहन आहे का, राहण्याची सोय कोण करणार, महिला कर्मचारी किती, हे प्रश्न पालकांनी भीड न ठेवता विचारावेत. मुलीला किचन नको म्हणण्यापेक्षा नीट किचन शोधून देणे बरे.

आणि शिकण्यासाठी शहरातच जावे लागते, असेही नाही. आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यात डॅरिना ॲलन यांनी १९८३मध्ये बॅलीमलू हे पाकविद्यालय शंभर एकरांच्या सेंद्रिय शेतावर सुरू केले. तिथल्या बारा आठवड्यांच्या कोर्ससाठी जगभरातून मुले एका खेड्यात येतात आणि भाजी उपटण्यापासून शिकतात. नाचणी-वरीचा डोंगर, नदी, फणस-करवंदाचे रान आणि वर्षभर पायथ्याशी येणारा पाहुणा, एवढे आपल्याकडेही आहे.

मग कुणी काय घ्यावे?

बाहेर जाऊन किचनमध्येच आयुष्य काढायचे ठरवलेल्या दहावी-बारावीच्या मुलामुलीने आयटीआयचा ट्रेड किंवा शासकीय संस्थेचा दीड वर्षाचा कोर्स घ्यावा आणि लगेच एखाद्या मोठ्या हॉटेलात शिकाऊ उमेदवारी करावी. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तिथे विद्यावेतन मिळते. घरात पैशाची ओढ असेल आणि सहा महिन्यांत कमाई सुरू व्हायला हवी असेल, तर मोफत निवासी कौशल्य योजना. गाडी, घरगुती डबे, किल्ल्याच्या पायथ्याची खानावळ किंवा बचतगटाचे मसाले करायचे असतील, तर आरसेटीचे दहा दिवस, फॉस्टॅकचे काही तास आणि मग एका चालत्या हॉटेलात महिनाभर हाताखाली काम, एवढे पुरे. जुन्या आचाऱ्यांनी आपल्या कौशल्याचे प्रमाणपत्र काढून कॅन्टीनचे कंत्राट मागावे. लाखाच्या वरचा खासगी कोर्स शेवटी, आणि तोही एखादे नेमके कौशल्य, म्हणजे बेकरी किंवा चॉकलेटसारखे काम, शिकायचे असेल आणि त्याचे गिऱ्हाईक आधी हेरून ठेवले असेल तरच. कर्ज काढून घेतलेला तीन महिन्यांचा ‘शेफ’ कोर्स हा या यादीतला सर्वांत वाईट सौदा.

एक काम मात्र आपण मिळून करू शकतो. आरसेटीची प्रशिक्षणे संस्थेबाहेर, गावातही घेता येतात. त्यासाठी पंचवीस-तीस जणांची तुकडी लागते. महाड आणि पोलादपूरच्या बचतगटांनी नावे गोळा करून आपल्या पंचायत समितीतल्या ‘उमेद’च्या कक्षात अर्ज द्यावा. एकेकटीने अलिबागला जाण्यापेक्षा अलिबागची तुकडी पाचाडला किंवा पोलादपूरला आणणे स्वस्त पडेल.